तापलेलं खोकं

गादीवाल्या काकू जुन्या सोफ्या-खुर्च्यांना नवी कापडं चढवायच्या. काका लाकडाचं बघायचे आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, कारण काकूंना ते जमत नसे. संधिवातानं काकूंची बोटं आखडली तेव्हा दुकान बंद पडायची वेळ आली होती. मग डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुरू केलं. ते इतकं महाग आणि इतकं नाजूक, की कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं हात जोडले. असली औषधं सांभाळणारी वेगळी फार्मसी असते. तिथून ते बर्फाच्या खोक्यात घरी येई. प्रत्येक वेळी तिथल्या फार्मासिस्ट ताईचा फोन यायचा: ताप आहे का, कुठे जखम आहे का, मागचं सोसलं का. विम्याची मंजुरीही तीच मिळवायची. टोचायला तिनंच फोनवरून शिकवलं होतं. काकूंनी सराव केला तो फोमच्या तुकड्यावर.

त्या दिवशी पोचवणाऱ्यानं खोकं दुकानाच्या पायरीवर भर उन्हात ठेवलं आणि हाकही न मारता निघून गेला. दोघं मागच्या राहत्या खोलीत होती. काकूंनी उघडलं तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं आणि आतली, ऊब लागली की रंग बदलणारी पांढरी खूणपट्टी लालभडक. काका म्हणाले, फ्रिजमध्ये ठेवू, गार झालं की झालं. काकूंनी खोकं तसंच झाकून बाजूला ठेवलं.

फार्मसीत फोन केला तर ताई रजेवर. दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं, की नोंदीप्रमाणे माल वेळेत पोचलाय, पट्टी कधीकधी उगाच लाल होते, बिनधास्त घ्या. काकूंनी ते नावासकट लिहून मागितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी खोकं काखेत मारून त्या फार्मसीत गेल्या, काका मागोमाग. तिथे ना काउंटर, ना गिऱ्हाईक. नुसतं काचेचं दार आणि रखवालदार. इथे पेशंट येत नाहीत, तो म्हणाला.

"आता आलाय," काकू म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

थोड्या वेळानं ताई खाली आली. आवाज ओळखीचा, चेहरा पहिल्यांदाच. दिवसभर थंड खोलीत काम, म्हणून ऐन उन्हाळ्यात अंगात स्वेटर. तिनं पट्टी पाहिली आणि औषध बाद म्हणून तिथल्या तिथे शेरा मारला. तेवढ्यात तिचे साहेब आले आणि अडचणी सांगू लागले. विमा कंपनी दोनदा पैसे देणार नाही, पोचवणारे हात वर करणार. पण साहेबांकडे एक तोडगा होता. खोकं घरच्यांनीच बाहेर विसरलं, एवढं काकूंनी लिहून द्यावं. मग औषध कंपनीच्या मदत योजनेतून आजच्या आज नवं मिळेल.

काका कानाशी कुजबुजले, "कर की सही. अडला हरी, म्हणतात ना."

"हरीला धरू देत पाय. मी नाही धरणार." मग त्या साहेबांकडे वळल्या. "दुखणं माझं आहे. चूक माझी नाही."

साहेबांनी ताईला विचारलं, शेरा जरा सौम्य करता येईल का.

"नाही सर. लाल आहे, लालच लिहिलंय."

दोघं रिकाम्या हातांनी परतली. हळूहळू बोटं पुन्हा आखडली. सकाळी काकूंना कप धरवेना. काका त्यांच्या सांगण्यावरून कापड ताणू लागले, टाके घालू लागले; टाके वाकडे पडत आणि काकू ते उसवायला लावत. एकदा काकांना त्या टेबलाच्या कडेवर मुठी दाबून, ओठ मिटून उभ्या राहिलेल्या दिसल्या.

साहेबांचा फोन आला तो काकांनी उचलला. तोच कागद पुन्हा पाठवतो, बाईंचे उगाच हाल कशाला, असं साहेब समजावत होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"सही मिळणार नाही," ते म्हणाले. "तिची नाही, माझीही नाही. पायरीवर खोकं टाकून गेला त्याची घ्या."

फोन ठेवून त्यांनी पुन्हा सुई उचलली.

"गोड बोललात," काकू म्हणाल्या.

तिकडे साहेबांनी ताईचा शेरा दाबून ठेवला होता. तिनं तो थेट औषध बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवला, आणि त्याबद्दल तिला लेखी समज मिळाली. पण चौकशी झाली, पोचवणाऱ्यांना चूक कबूल करावी लागली आणि कुणाच्याही सहीवाचून नवं खोकं आलं. आणणारा माणूस ते काकूंच्या हातात देऊनच हलला. आत बर्फ कडक, पट्टी पांढरी.

पाठोपाठ ताईचा फोन. ताप? जखम? काकूंनी उत्तरं दिली आणि ताईकडूनच मागे ओझरतं कळलेल्या त्या समजपत्राचं काय झालं ते विचारलं.

"फाइलला लावलंय," ताई म्हणाली. "त्याच्या मागे माझं उत्तरही लावलंय, ते पत्राहून लांब आहे. आता इंजेक्शन बाहेर काढून ठेवा काकू. गार टोचलं की जास्त दुखतं."