कॉलरवरचा कान

मी कॉलरला लावायचा माइक. बोलणं हे माझं काम नव्हे, जन्मभर मी नुसतं ऐकलं. माझ्यातून आवाज पुढे जातो, मागे काही उरत नाही, असं साउंडवाले सांगतात. त्यांचं चुकतं. ज्या खोक्यात मी आता पडून आहे तिथे दुसरं कुणी नाही, तरी एक बाई सारखी बोलत असते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मटाराच्या दाण्याएवढा होतो, आजही तेवढाच आहे. माझ्याबरोबरचे काहीजण बातम्यांकडे गेले, बड्या लोकांच्या कोटांना चिकटून मिरवले. माझ्या नशिबी रिअ‍ॅलिटी शो आला. एक मोठं घर, भिंतीभिंतीत कॅमेरे आणि आत कोंडलेली माणसं. त्यांना बाहेरचं काही कळू द्यायचं नाही. प्रत्येकाच्या गळ्याशी आमच्यापैकी एकजण, आंघोळ आणि झोप सोडली तर सुट्टी नाही.

माझ्या वाट्याला कंडक्टरबाई आली. शहर बसवरची नोकरी, आवाज खणखणीत. प्रवाशांच्या नकला तिने कराव्यात. सीट सोडायला नको म्हणून झोपेचं सोंग घेणारा, थांबा गेल्यावर दार बडवणारा, बसल्या जागेवरून ड्रायव्हरला रस्ता शिकवणारा. सगळं घर हसून लोटपोट व्हायचं आणि ती हसली की मी तिच्या गळ्याशी गदागदा हलायचो. मला ती फार आवडायची.

चांगलं ते चांगलं म्हणायलाच हवं. एकदा साउंडवाला माझी बॅटरी बदलता बदलता तिला हळूच म्हणाला, "ताई, बाहेरचं सांगायची परवानगी नाही, पण सांगतो. आई गेल्यापासून आमचे वडील कुणाशी बोलत नाहीत. तुमचा कार्यक्रम लागला की मात्र बाहेरच्या खोलीत येऊन बसतात. काल चक्क हसले." तिने त्याचा हात घट्ट धरला. असल्या कार्यक्रमांना उठवळ म्हणून नाकं मुरडणारी माणसं मी पुष्कळ ऐकलीत, पण त्या म्हाताऱ्याचं हसू काही उठवळ नव्हतं.

पण नुसत्या हसण्यावर किती दिवस भागणार? भांडण झालं नाही की दिग्दर्शक सगळ्यांवर खेकसायचा. एका दुपारी ती बागेत बसून घरात तिच्याबरोबर कोंडलेल्या एका मास्तरांना आपल्या आईबद्दल सांगत होती. आई अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली, "लोक म्हणतात, आईचं ओझं झालंय मला. ओझं कसलं, मास्तर? धाकटा भाऊ आहे ना जोडीला. तो नसता तर मात्र मी सगळं टाकून पळाले असते कधीच." आणि हसली. ते हसू स्वतःवरचं होतं, मी अगदी गळ्याशी होतो.

आम्हाला चार्जिंगला लावतात ती खोली एडिटिंगच्या खोलीला लागून आहे. तिथे मी ऐकलं ते असं: "आईचं ओझं झालंय मला. सगळं टाकून पळाले असते कधीच." मधलं कापलं, हसू पुसलं, खाली उदास संगीत भरलं. तिचं तोंड दिसलं तर सांधा कळेल, म्हणून पडद्यावर मास्तरांचा चेहरा लावला, तोही त्यांचं डोकं दुखत होतं त्या दिवसाचा. जाहिरातीत हे वाक्य इतक्यांदा वाजलं की खरं वाक्य आठवायला मलाच कष्ट पडू लागले. त्याची मला अजून भीती वाटते.

लोकांनी तिला मतं देऊन बाहेर काढलं. घरी परतण्याचंही चित्रण करायचं होतं, म्हणून मी तिच्या कॉलरवर तसाच होतो. आईला कधी एकदा बघते असं तिला झालं होतं. दार धाकट्याने उघडलं. तो आत या म्हणाला नाही. टीव्हीवर काय ऐकलं ते त्याने उंबऱ्यातच सांगितलं.

"त्या दिवसापासून टीव्ही बंद आहे," तो म्हणाला. "आई नीट जेवतही नाही."

आतल्या खोलीत म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, मी तसं बोलले नाही गं."

"आवाज तुझाच होता."

"माझाच होता, पण..."

"मग झालं तर."

तिचं काळीज असं धडधडत होतं की साउंडवाल्याने हेडफोन कानांवरून बाजूला केले. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. तो बोलायला गेला, दिग्दर्शकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने मान खाली घातली. माझ्यातून तर तिचंच बोलणं जाणार, माझं कुठून जाणार?

म्हातारीने कूस बदलली. लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते गळ्याचं काढ आधी," ती म्हणाली. "मग बोल."

लेकीने मला ओढून काढलं, साउंडवाल्याच्या हातात कोंबलं, सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. "अहो, हाच तर सीन आहे!" दिग्दर्शक दाराबाहेरून म्हणत राहिला. कुणी दार उघडलं नाही. मी जीव कानात आणून ऐकत होतो, पण मला एक शब्दही ऐकू आला नाही.

पुढे माझी वायर तुटली आणि मी या खोक्यात आलो. म्हातारीला पटलं की नाही, मला माहीत नाही. या अंधारात कंडक्टरबाई ते कापलेलं वाक्य पुन्हापुन्हा म्हणते. मधले शब्द मला ठाऊक आहेत, दर वेळी ते घालायला बघतो, पण तिच्या आवाजात ते काही येत नाहीत.

साउंडवाला परवा कुणाला तरी सांगत होता, ती पुन्हा बसवर रुजू झाली आहे. थांब्यांच्या नावांपलीकडे बोलत नाही. लोक फोटो काढतात, कुणी हसत विचारतं, "काय बाई, ओझं उतरलं का?"

तुम्ही तुमची करमणूक खुशाल करा, मी अडवणारा कोण? एवढंच मागतो, कधी तिच्या बसमध्ये चढलात तर "तुम्ही त्याच ना?" असं म्हणू नका. तिकीट घ्या आणि खिडकीबाहेर बघत बसा.