टाकीतलं निळं

जोतीराम पार चक्रावून गेला होता. कमळाकरशेठची फटफटी तीन आठवड्यांत पाचव्यांदा घणसोलीच्या नाक्यावर बंद पडली होती, आणि पाचव्यांदा त्याने कार्बोरेटर उघडला तर आत पुन्हा तेच: निळं, चिकट, दुधावरच्या सायीसारखं काहीतरी. पेट्रोल काही निळं नसतं. गाडीचा रंग काळा. मग हे आलं कुठून? साताऱ्याकडून येऊन तळवलीत गाड्या दुरुस्त करायला लागल्याला त्याला बावीस वर्षं झाली होती, पण असलं लचांड त्याने कधी पाहिलं नव्हतं.

एखाद्या ऐऱ्यागैऱ्याची गाडी असती तर त्याने सरळ हात जोडले असते. पण ही होती गाळ्याच्या मालकाची. कमळाकरशेठ मूळचे गावातले. शेती नव्या शहराला गेली, मोबदल्यात भूखंड मिळाला, त्यावर इमारत उभी राहिली आणि तिच्या तळाला रस्त्याकडेचा गाळा त्यांनी जोतीरामला भाड्याने दिला. दारात मोठी चारचाकी असली तरी शेठचा जीव त्या चाळीस वर्षांच्या फटफटीत.

घाण वरून टाकीतूनच खाली येतेय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण टाकी तर नवी! बारा वर्षांपूर्वी जुनी टाकी आतून गंजली तेव्हा जोतीरामनेच सांगितलं होतं, बदला आता. महिनाभराने शेठ चकचकीत टाकी बसवून आले आणि 'नवी आनली' म्हणून आजतागायत आल्यागेल्याला सांगत होते. तिच्यावर सोनेरी नक्षी होती, गावदेवीचं नाव होतं आणि जोतीरामला सक्त ताकीद होती, टाकी खोलायची नाही, रंग उडेल.

नवी टाकी काही आतून सोलून निघत नाही. म्हणजे कुणीतरी मुद्दाम काही टाकतंय! जोतीरामने शेठना पेट्रोलपंप बदलायला लावला. झाकणाला कुलूप बसवलं. गाळ्यासमोरच्या बाकड्यावर चौघं म्हातारे रोज बसत, त्यांना तर आयता विषय मिळाला. मार्केटात हमाली करून निवृत्त झालेले हौसेराव म्हणाले, "कुनीतरी साखर टाकतंय बग." साखर निळी कशी, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्याचं म्हणणं, हल्ली पेट्रोलात इथेनॉल घालतात, ते सगळं खातं. काय खातं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

शेवटी जोतीरामला स्वतःचीच शंका यायला लागली. आपल्याला नीट दिसत नसेल. तो नेरूळला जाऊन डोळे तपासून आला. नंबर वाढलेला निघाला तेव्हा त्याला चक्क बरं वाटलं. निदान एक कारण तरी सापडलं. नव्या चष्म्याने त्याने कार्बोरेटर पुन्हा धुतला, आणि गाडी दोन दिवसांनी पुन्हा बंद पडली.

त्या पाचव्या वेळी शेठ गाडी ढकलत आले ते तापूनच. बाकड्यावरच्या चौघांसमोर म्हणाले, "जोतीराम, तुजा हात गेला. एक तारखेला गाळा खाली कर. रबाल्याचा एक मेकॅनिक बगून गेलाय."

जोतीरामची बायको, दोन मुली, सगळा संसार ह्या गाळ्यावर. काय चुकलं ते त्याला ठाऊक नव्हतं, तरी तो म्हणाला, "चुकलं माजं, शेठ. एक डाव पदरात घ्या." शेठ जिना चढून गेले. दुसऱ्या दिवसापासून हौसेरावांची स्कूटर नाक्यावरच्या दुसऱ्या गॅरेजात दिसायला लागली. आठवड्याभरात बाकीच्या तिघांनीही गाड्या तिकडे नेल्या. बसायला मात्र इथेच येत.

एक तारखेला दोन दिवस राहिले तेव्हा जोतीरामने विचार केला, जायचंच आहे तर रंगाची कसली भीती? त्याने गाळ्यातच पडून असलेल्या फटफटीची टाकी खोलली, रिकामी केली, सुकू दिली आणि उन्हात धरून आत पाहिलं. ओल धरलेल्या भिंतीचा रंग सुटावा तसा आतून निळा थर सुटला होता. त्याचे पापुद्रे लोंबत होते आणि त्यांच्या मागे गंज होता. जुना, खोल गंज. नव्या टाकीत? त्याला काही सुधरेना. एक मोठा पापुद्रा त्याने कागदात घेतला, गाळ्याची किल्ली खिशात टाकली आणि तो वर शेठच्या घरी गेला.

दार शेठच्या बायकोने, सुमित्राबाईंनी उघडलं. शेठ आत चहा पीत होते. जोतीरामने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "शेठ, टाकीतनं ह्ये निघालं. ह्ये काय हाय ते मला कळंना. तुमीच बगा."

शेठनी पाहिलं, पण त्यांनाही काही कळेना. सुमित्राबाई मात्र वाकून बघतात तो हसायलाच लागल्या.

"अवो, हा तं माज्या भावाचे होरीचा रंग! रेझीन हाय ते, खाडीतले होरीला पानी शिरू नय म्हनून लावतान. तुमीच त्याला बसवून गंजलेले टाकीन वतून घेतलेलं ना? आनि वरशी रंग मारलेला."

इथेनॉल काय खात होतं, ते जोतीरामला आता कळलं.

"मंग नवी टाकी?" शेठनी विचारलं.

"नवी कवा आनली?"

शेठनी कप खाली ठेवला. ते खोटं बोलत नव्हते. ते खरोखरच आठवत होते. बारा वर्षं एकच गोष्ट सांगून सांगून त्यांची स्वतःची खात्री पटली होती. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला. जोतीरामला पहिल्यांदाच राग आला.

"ऱ्हाऊ दे," शेठ हळूच म्हणाले. "गाळा तुजाच. कोन काडत नाय तुला. फक्त ही गोष्ट भायेर नको."

जोतीरामने किल्ली काढून कागदाशेजारी ठेवली. "गाळा घिऊन काय करू, शेठ? तुमी माजा हात गेला म्हनला, चौघांसमोर. मी चुकलं म्हनलो, त्येबी चौघांसमोर. आता गाडी कोन आननार माज्याकडं?"

शेठ उठले, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरले. बाकड्यासमोर उभे राहून त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "टाकी जुनीच होती. मी नवी बोललो. जोतीरामची काय चूक नाय." कुणी हसलं नाही. हौसेराव उठून गेले आणि नाक्यावरून आपली स्कूटर ढकलत घेऊन आले.

"बग बाबा, मधीच बंद पडतीय."

जोतीरामने किक मारली. आवाज ऐकताच त्याच्या मनात आलं, प्लग. मग वाटलं, प्लगच ना? त्याने पुन्हा किक मारली. डोळे मिटून ऐकलं. प्लगच असणार. सगळे त्याच्याकडे बघत होते, शेठसुद्धा. गाळा राहिला होता, नाव परत आलं होतं, तरी पान्याकडे हात जाईना, आणि त्याने तिसऱ्यांदा किक मारली.