खिडक्या लावून घ्या

स्वयंपाकघराची खिडकी लावून झाली, हॉलची झाली, आणि आता सरलाबाई झोपायच्या खोलीतल्या खिडकीशी झटापट करत होत्या. खाली करायचा दांडा त्यांनी वर केला, तशी खिडकी वरच्या बाजूनं तिरकी उघडली आणि तिथंच अडून बसली. जर्मन खिडकी ती, नांदेडच्या बाईला इतक्यात दाद कशी देणार?

"आई, ग्रिल बाहेर बागेत आहे," सिद्धांत दारातून हसत म्हणाला. "धूरही बाहेरच होणार. मग खिडक्या कशाला लावायलीस?"

सरलाबाईंचा हात दांड्यावरच राहिला. खरंच की! पण मांस शिजणार म्हटलं की त्यांचे हात आपोआप खिडकीकडे जात.

त्याला कारण होतं. सरकारी दवाखान्यात नर्स असताना त्यांना नांदेडात दोन खोल्या मिळाल्या, त्या घरमालकाला आडनावावरून जात ओळखता आली नाही म्हणून. रविवारी नवरा मोहनराव मेथीच्या जुडीखाली लपवून मोठ्याचं, म्हणजे बैलाचं मटण आणत. मग खिडक्या बंद, उदबत्त्या चालू, कुकरच्या शिट्टीवर ओलं फडकं. जेवणं झाली की पोरांचे हात आधी लिंबानं चोळायचे, मग साबणानं. आणि कुणी विचारलंच, तर वांग्याची भाजी खाल्ली म्हणून सांगायचं. सिद्धांतनं शाळेत इतके रविवार वांगी सांगितली, की त्याच्या बाईंना वाटलं यांचा वांग्यांचा मळाच आहे.

मोहनराव गेले. सिद्धांत इंजिनियर होऊन जर्मनीत कार्ल्सरूहेला आला, इथंच त्याचा संसार झाला. आणि तिकडे गेल्या वर्षीपासून सरकारनं बैलाच्या मटणावर बंदीच घातली. म्हणून आई आल्या आल्या त्यानं बेत आखला. खाटकाकडून गाईबैलाच्या पाठीतला सगळ्यात कोवळा भाग, अख्खा फिले, इथल्या भाषेत रिंडरफिले, हातभर लांब आणला. त्याचं निमुळतं टोक आत दुमडून दोऱ्यानं बांधलं, मीठ-मिरी चोळली.

सरलाबाई त्या तुकड्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या वाट्याला जन्मभर मान, नाहीतर वजडी आलेली.

"अरे, बारीक तुकडे करून कुकरला लाव की. हा आतून शिजायचा कसा?"

"कळेल तुला. आणि हो, श्रीरंग आणि स्नेहलता येतायत जेवायला."

"म्हणजे गणपतीत आरती सांगतात ते? तुझ्या हापिसातले?" त्यांनी आवाज खाली आणला. "सांगितलंयस त्यांना?"

"सांगू की. त्यात काय." त्यानं आधीच बांधलेली गाठ पुन्हा सोडून बांधायला घेतली.

"लेकरा, परक्या गावात तुझी चार माणसं आहेत. ती तुटली तर?"

"आई, मी इथंही इतकी वर्षं वांगीच खायलोय," तो म्हणाला आणि कोळसे पेटवायला गेला. एवढ्याशा वाक्यानं त्यांच्या काळजाला घरं पडली.

पाहुणे आले. फिले चारही बाजूंनी चांगला खरपूस झाला, मग सिद्धांतनं तो ग्रिलच्या कमी आचेच्या बाजूला सरकवला आणि झाकण घातलं. सून मुक्तानं सॅलड, कणसं मांडली. झाकण निघालं तेव्हा श्रीरंगनं लांब श्वास घेतला.

"वा! रस्त्यापर्यंत वास येतोय. लॅम्ब का रे?"

"बीफ. फिले."

"गेनाऊ, अगदी बरोबर! पक्का जर्मन झालास. मीपण इकडे येऊनच खायला शिकलो."

"हो ना," सिद्धांत कोळशांकडे बघत म्हणाला. "इकडे आल्यावरच."

सरलाबाईंनी लेकाचं तोंड पाहिलं. शाळेच्या दारात वांगी सांगणारं तेच तोंड, आता कानाशी केस पिकले होते एवढंच. त्यांना त्याचा नाही, स्वतःचा राग आला. हे शिकवलं कुणी त्याला? आपणच.

"इकडे येऊन नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "आमच्या घरात पहिल्यापासून खातात. मी करायचे, माझी आई करायची, तिची आई करायची. चांगलं होतं हो आमच्या हातचं. फक्त खिडक्या लावून करावं लागायचं."

कोळशावर चरबीचा थेंब पडून चर्र झालं. मग सिद्धांतच हसायला लागला, पोटभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आणि मी शाळेत सांगायचो वांग्याची भाजी! श्रीरंग, इतकी वांगी तर कुठल्या शेतकऱ्यानंही पाहिली नसतील!"

श्रीरंग हसला, थोडा ओशाळून. पण ताट पुढे केलं त्यानंच. "काकू, मग आज तुम्ही सांगा, नीट झालाय का."

स्नेहलतानं आपलं ताट जवळ ओढलं. "मी खात नाही हं, काकू," एवढंच म्हणाली. "नका खाऊ की, कणसं आहेत," सरलाबाई म्हणाल्या. ती उठून गेली नाही, कणीस खात बसली.

फिले थोडा वेळ झाकून ठेवला होता. सिद्धांतनं सुरी चालवली, तशी बाहेरची तपकिरी कड उलगडून आतला गुलाबी रंग दिसला. मधला पहिला काप त्यानं आईच्या ताटात वाढला. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेल्या सरलाबाई सगळ्यांच्या आधी जेवल्या. दातांना काही कामच नव्हतं. "बाई गं," त्या म्हणाल्या, "हे होय मोठ्याचं!"

जेवणं उरकत आली. नात ऊर्जाची बोटं तुपकट झाली होती. सरलाबाईंनी ताटातली लिंबाची फोड उचलली, तिचा हात ओढून घेतला.

"ऊर्जा, उद्या शाळेत बाईंनी विचारलं, काल काय खाल्लंस, तर काय सांगशील?"

"रिंडरफिले!" तोंडात घास असतानाच पोरगी ओरडली. कुंपणापलीकडचा म्हातारा शेजारी वळून बघायला लागला, आणि त्यानं हात हलवला.

सरलाबाईंनी नातीचा हात सोडून दिला. लिंबाची फोड ताटातल्या शेवटच्या कापावर पिळली, आणि सावकाश, सगळ्यांच्या देखत, बोटं चाटत तो खाल्ला.