काकूंनी जागेवर ठेवलेला ग्रंथ

या मित्रांनो, असे या ढकलगाडीजवळ सरकून बसा. माझा आवाज बसलाय आणि वेळही फार नाही. ट्रक यायच्या आत तुम्हाला एक गोष्ट सांगून टाकतो. ऐकीव नाही, माझ्याच अंगावर गुदरलेली.

मी एक जुना ग्रंथ आहे. इंग्लंडला चिकटून वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. तिथल्या फार जुन्या दंतकथा आणि त्या सांगत फिरणारे कथेकरी, हा माझा विषय. एका प्राध्यापकांनी एकोणीस वर्षं खपून मला लिहिलं. हिरवी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं आणि पानापानाखाली मुंगीएवढ्या तळटीपा! साठ वर्षांपूर्वी मी बोटीनं अमेरिकेत आलो आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावाशेजारी एका कॉलेजच्या ग्रंथालयात राहिलो. तेव्हा विद्यार्थी माझ्यासाठी नंबर लावत. एका मुलीनं तर मला कोटाच्या आत छातीशी धरून बर्फातून घरी नेलं होतं, स्वतः भिजत.

मग तो विषय शिकवणारे सर निवृत्त झाले. मला तळघरात हलवलं. सतरा वर्षं कुणाचा हात लागला नाही. मित्रांनो, पुस्तकाला भूक लागत नाही असं समजू नका.

आणि मग नैना काकू आल्या. नागपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. काका गेल्यावर मुलाकडे, यशोधनकडे, राहायला आलेल्या. त्यांना गाडी चालवता येत नाही. सकाळी ऑफिसला जाताना यशोधन त्यांना या ग्रंथालयात सोडी आणि संध्याकाळी घेऊन जाई. काकूंना कीर्तनाचं भारी वेड, पण इथे कीर्तन कुठलं! भारतातून कुणी बुवा आले तर वर्षातून एकदा. म्हणून गोष्टी सांगण्याबद्दल काही वाचायला मिळतं का, हे शोधत त्या माझ्यापाशी थांबल्या.

माझ्या प्राध्यापकांचं म्हणणं असं, की या कथांमध्ये तीच तीच वाक्यं पुन्हा येतात, ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे. सांगणारा तिथे दम घेत असे. हे वाचलं मात्र, काकूंनी मांडीवर थाप मारली. "अहो, आमचे बुवा वेगळं काय करतात? टाळकरी धृपद उचलतात, तेवढ्यात बुवा घोटभर पाणी पितात!"

त्या दिवसापासून त्या मला वाचत आणि मध्येच मराठीत समजावून सांगत, जणू समोर मंडळी बसली आहेत. मंडळी म्हणजे मी एकटा. मराठी मी तिथेच शिकलो. राजाचं जेवण झाल्यावर उभा राहणारा तो वेल्श कथेकरी काकूंच्या तोंडी उपरणं घेऊन, चिपळ्या वाजवत उभा राही. माझ्या तळटीपांमध्येही देव असतो, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

वाचून झालं की त्या मला ओढणीनं पुसत, कपाळाला लावत आणि जिथून काढलं तिथेच सरळ उभं करत. दोन वर्षं, रोज. भिंतीवर पाटी होती, 'वाचलेली पुस्तकं टेबलावरच ठेवा.' काकू ती वाचून मान हलवत. पोथी अशी टाकून उठायचं? शोभतं का!

गेल्या सोमवारी माझ्या पाठीवर लाल ठिपका चिकटला. काकूंनी ग्रंथालयातल्या दीपाला गाठलं.

"काकू, शुक्रवारी रीसायकलिंगचा ट्रक येतोय. पंधरा वर्षांत कुणी न वाचलेली पुस्तकं जाणार."

"कुणी न वाचलेली? अगं, मी बारा वेळा वाचलंय!"

दीपानं स्क्रीन वळवून दाखवला. "सिस्टममध्ये झीरो आहे. तुम्ही कधी नोंद करून घरी नेलं नाही, चेकआउट नाही केलं. टेबलावर ठेवलं असतं ना, तरी आम्ही स्कॅन करून काउंट केलं असतं. पाटी कशाला लावलीय, यार काकू!"

काकू खुर्चीत बसल्याच. "म्हणजे मीच घालवलं गं याला. माझ्या या हातांनी."

"तसं नका म्हणू."

"मग मला देऊन टाक. कचराच ना तुमचा?"

दीपानं मागे कुणी नाही ना, ते वळून पाहिलं. "लिस्ट वर गेलीय काकू, आता पुस्तकं मोजून देतात. एकसुद्धा कमी पडलं तर माझ्यावर येतं. माझा व्हिसा या नोकरीवर आहे. तरी... तुम्ही पिशवीत टाका. मी पाहिलं नाही असं समजा."

मी काकूंच्या हातात होतो. त्यांची पिशवी उघडी होती, मित्रांनो, अगदी उघडी! माझा जीव नुसता पानापानांतून ओढ घेत होता. पण काकूंनी मला टाकाऊ पुस्तकांच्या या ढकलगाडीवर ठेवलं. "नको गं. तुझी लेकरं लहान आहेत."

दुसरी प्रत जवळपास कुठेच नाही. मग काकूंनी ठरवलं, माझ्यातली एक कथा पाठ करायची. घोड्यावरून संथ जाणारी, तरी कुणालाच न गाठता येणारी राणी, तिची कथा. मंगळवार, बुधवार, गुरुवार त्या या गाडीशेजारी बसून पुटपुटत राहिल्या. काल अर्ध्यावर अडल्या. मला उघडलं, वाचलं, मिटलं, पुन्हा तिथेच अडल्या. म्हणाल्या, "वय झालं रे. उद्या पुरं करू."

आज शुक्रवार. यशोधनला पहाटेच शिकागोच्या ट्रेननं जावं लागलं, असं त्या फोनवर दीपाला रडत सांगत होत्या; फोन स्पीकरवर होता. त्यांना आणायला कुणी नाही. दीपाला काउंटर सोडता येत नाही. आणि मागच्या दारी ट्रक आलाय.

मित्रांनो, आवडलेलं पुस्तक नुसतं जपू नका. आपण ते वाचतो, हे चार लोकांना कळू द्या. माझं काय, तासाभरात लगदा होईल. पण नैना काकूंची आठवण ठेवा. देवळात, दुकानात, कुठेही त्या अर्धीच कथा सांगताना दिसल्या, तर त्यांच्यासमोर बसा. त्यांना सांगा, ग्रंथ रागावलेला नव्हता. आणि त्या अडखळल्या तर उठून जाऊ नका. नुसतं विचारा, "मग पुढे काय झालं, काकू?"