बिनउपयोगाचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावरून माझं आणि माझ्या मुलाचं, शौनकचं, फोनवर भांडण झालं, आणि मी ते जिंकले. जिंकले म्हणजे काय, तर माझं म्हणणं सोडलं नाही. एकसष्टाव्या वर्षी मला एवढं जिंकणं पुरतं.

हळदीकुंकू माझ्या सुनेचं, श्रियाचं. ठाण्याला घोडबंदर रोडवर त्यांचा नवा फ्लॅट आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, पण ऑफिसच्या धबडग्यात तिला कधी जमलं नव्हतं. या वर्षी तिने रविवार गाठून ठरवलं आणि मला म्हणाली, वाण तुम्ही आणा आई, तुमच्या पसंतीचं. मी डोंबिवलीत फडके रोडला दोन फेऱ्या मारल्या. गाळण्या, चिमटे, प्लास्टिकचे डबे, भाजी ठेवायच्या जाळीच्या पिशव्या. जन्मभर मी हेच घेतलं आणि हेच दिलं. माझ्या स्वयंपाकघरात चहाच्या नऊ गाळण्या आहेत आणि चहा पिणारी माणसं दोन. तेव्हा मी ठरवलं की या वेळी विटा रचायचा खेळ द्यायचा. तळहाताएवढं यंत्र, करडा पडदा, वरून विटा पडतात आणि आपण त्या फिरवून ओळी भरायच्या. तो अजून नवा मिळतो हे फार जणांना माहीत नसतं. मी पंचवीस मागवले आणि एकेकात सेल घालून तपासले.

शौनकला हे श्रियाकडून कळलं आणि त्याचा लगेच फोन आला.

"आई, प्लीज. तिच्या ऑफिसच्या बायका येणारेत. तुझी हॉबी तुझ्या घरी ठेव ना. त्यांना काहीतरी उपयोगाचं दे."

उपयोगाचं. हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचललाय, आणि तो कधी उचलला ते मला तारखेसकट माहीत आहे.

हॉबी म्हणतो ती अशी. माझ्याकडे हातात धरून खेळायची सात जुनी यंत्रं आहेत. सगळी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. मी ती उघडते, साफ करते, तुटलेलं जोडते आणि मग खेळते. दुपारी जेवणं आवरली की गॅलरीत खुर्ची टाकायची, कारण त्यातल्या बऱ्याच पडद्यांना स्वतःचा उजेड नसतो, उन्हाकडे पाठ करून बसावं लागतं. समोरच्या इमारतीतून ते दिसतं. लोक विचारतात. माझे यजमान हरिहर माझ्या शेजारी बसून रोज दोन तास शब्दकोडं सोडवतात. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.

शौनकने मला एक पळवाट सुचवली होती. म्हणाला, बोटांच्या व्यायामासाठी करते असं सांग, स्मरणशक्तीसाठी चांगलं असतं म्हण, लोक गप्प बसतील. मी म्हटलं, माझी बोटं ठणठणीत आहेत आणि स्मरणशक्ती तुझ्यापेक्षा बरी आहे. मला खेळायला आवडतं म्हणून मी खेळते. यावर तो म्हणाला की आई, तू हट्टी होत चालली आहेस. होत चालली आहे हे चूक. मी आधीपासून होते, फक्त आधी चुकीच्या जागी होते.

सातांपैकी एक यंत्र माझं नाही. ते शौनकचं आहे.

तो दहावीत होता. माझ्या मस्कतच्या भावाने ते निळं यंत्र त्याला आणलं होतं, सोबत एकच गेम, मागे खोचायच्या छोट्या डबीतला. नऊ किल्ले एकामागोमाग सर करायचे. जानेवारीची अकरा तारीख होती. मी कामावरून आले तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी ढकलून उघडलं. तो मान खाली घालून बसला होता आणि वर न बघताच म्हणाला, "आई, थांब, आत्ता नको. शेवटचा किल्ला राहिलाय फक्त." मी ते हातातून काढून घेतलं. याचा उपयोग काय, ते मला सांग, म्हटलं. पंधरा वर्षांच्या मुलाकडे याला उत्तर नसतं. दहावी झाली की मिळेल, असं सांगून मी ते कपाटात टाकलं आणि चावी पर्समध्ये ठेवली. दहावीनंतर अकरावी आली, मग बारावी, सीईटी, इंजिनीअरिंग. त्याने तीनदा मागितलं, मग मागणं सोडलं. मुलगा शहाणा झाला, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत होते. आमच्या इमारतीत निम्म्या घरांतून हेच चाललेलं असल्यामुळे मला कोणी काही बोललंही नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत कपाट आवरताना ते माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं सापडलं. मागचं झाकण काढलं तर आतले सेल पाझरून सगळ्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. मी बत्तीस वर्षं कल्याणला टेलिफोनच्या खात्यात तंत्रज्ञ होते. सेल आत ठेवून यंत्र बंद करू नये हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायचे. स्वतःच्या मुलाचं यंत्र मी सेलसकट कोंडून ठेवलं होतं. त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती.

पट्ट्या मी व्हिनेगरच्या बोळ्याने साफ केल्या. पडदा चालू झाला, पण आवाज येईना, म्हणून कोपरला महेंद्रच्या दुकानात गेले. महेंद्र मोबाइल दुरुस्त करतो आणि त्याला या जुन्या यंत्रांचा नाद आहे. त्याने नवा स्पीकर बसवला, गेम लावून पाहिला आणि मला काकू म्हणत समजावलं, की गेमच्या आत एक बटणाएवढा सेल असतो, खेळलेलं सगळं त्याच्या जोरावर टिकतं, आणि हा सेल कधीच मेलाय.

"म्हणजे आठ किल्ले गेले?" मी विचारलं.

"सगळंच गेलं काकू. ते परत नाय येत."

नवा सेल लावून देतो म्हणाला. मी म्हटलं, सोल्डरिंग आयर्न इकडे दे. मी टाके घालत असताना तो बघत होता. तेव्हापासून भंगारात आलेलं प्रत्येक जुनं यंत्र तो माझ्यासाठी बाजूला ठेवतो, आणि मी या छंदात पुरती अडकले ती तिथूनच.

पण ते निळं यंत्र मी छंद म्हणून हातात घेतलं नव्हतं. मी नवा खेळ सुरू केला, नावाच्या जागी शौनकचं नाव घातलं आणि पहिल्या किल्ल्यापासून चढायला लागले. त्याचं जे माझ्यामुळे गेलं ते मला परत आणायचं होतं. सुरुवातीला उडी मारायचं बटण सापडायलाही वेळ लागे. तिसऱ्या किल्ल्याच्या पुलावरून मी किती वेळा पडले याची गणती नाही. पाचव्यात एक महिना गेला. आणि या सगळ्यात, मला ठाऊक नसताना, मला मजा यायला लागली. इतकी, की भाजी चिरताना मला पुलाच्या फळ्या आठवत. पोराला मी कशातून उठवलं होतं ते मला पुलावरून पडता पडता कळलं.

तो घरी आला की बाकीची यंत्रं उघड्यावर असत, हे मात्र मी उशीखाली सारत असे. या डिसेंबरात मी नवव्या किल्ल्याच्या दारात पोचले. तिथे खेळ थांबवून जपून ठेवला आणि यंत्र बंद केलं. आतलं बघायचा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. पण ते दार माझं नव्हतं. शौनक ते घेईल की नाही याची मला धास्ती होती. भेट म्हणून दिलं तर तो हसून परत करील, हे मी ओळखून होते. वाण मात्र नाकारत नाहीत. म्हणून मी हळदीकुंकवाचा दिवस धरला.

रविवारी श्रियाच्या घरी बावीस जणी आल्या. हळदीकुंकू झालं, अत्तर लावून झालं, तिळगूळ दिला, आणि मी प्रत्येकीच्या हातात एकेक डबी ठेवत गेले. श्रियाची आई, शुभदाताई, यांनी डबी उघडून यंत्र उलटंपालटं केलं आणि जरा मोठ्याने विचारलं, की विहीणबाई, याचा उपयोग काय हो? श्रियाने माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही," मी म्हटलं. "गाळण्या तुमच्याकडे पुष्कळ असतील."

कोणीतरी हसलं. श्रियाच्या टीमची प्रमुख प्रीती, तिने बटण दाबलं आणि पहिली वीट खाली आली. मग एकीचं बघून दुसरीने लावलं. जरा वेळाने बोरं आणि उसाचे करवे तसेच पडून होते आणि अर्ध्या जणी माना खाली घालून बसल्या होत्या. उरलेल्यांनी डब्या पर्समध्ये टाकल्या. त्यांना ते आवडलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

बायकांचा कार्यक्रम म्हणून शौनक आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. मी करंडा, अत्तरदाणी आणि साडीचा तो तुकडा घेऊन आत गेले आणि दार लोटलं. त्याने कानातलं काढलं. मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, मनगटाला अत्तर लावलं. पुरुषांना वाण देत नाहीत. मी दिलं.

तुकडा सोडायच्या आतच त्याने ते ओळखलं असावं, कारण त्याचा चेहरा बदलला. न बघताच त्याचा अंगठा बटणावर गेला. पडदा अंधुक होता, नीट दिसेना म्हणून तो उठून खिडकीशी गेला.

"हे तू फेकलं नव्हतंस?"

"कपाटात होतं."

"माझं नाव आहे यात. नववा किल्ला." त्याने मान वर केली. "हे माझं आहे, तेव्हाचं?"

"तेव्हाचं गेलं. माझ्यामुळे गेलं. हे मी पुन्हा खेळून आणलंय, दारापर्यंत. आत गेले नाही."

मला वाटलं होतं हसेल. तो रागावला. आवाज न चढवता रागावला, माझ्यासारखाच.

"मी दोनदा मागितलेलं तुझ्याकडे."

"तीनदा," मी म्हटलं.

"आता काय उपयोग याचा, आई?"

"काही नाही. तेव्हाही नव्हता. तेव्हा मी तुला चुकीचा प्रश्न विचारला होता आणि तू पंधरा वर्षांचा होतास म्हणून गप्प बसलास. दहावी झाल्यावर मी ते परत द्यायला हवं होतं. राग धर हवा तर. पण हे वाण आहे, ते मी परत घेणार नाही."

त्याने यंत्र टेबलावर ठेवलं आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसला. मी बाहेर आले. करंडा जागेवर ठेवला आणि कॉफीचे कप भरले. बैठकीत विटा पडत होत्या, बीप बीप चाललं होतं, आणि मी त्या आवाजातून दुसरा आवाज येतो का म्हणून कान देत होते. तो येत नव्हता. मनात म्हटलं, तो घेणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

मग आतून एक धून सुरू झाली. आठही किल्ल्यांच्या धुना मला तोंडपाठ आहेत, झोपेत ओळखीन. ही मी कधीच ऐकली नव्हती.

निघायची वेळ झाली तेव्हा शुभदाताई म्हणाल्या की जावईबापूंना बोलवा, एक फोटो काढू. मी आतल्या दाराशी गेले आणि कडीवर हात ठेवला.

"आई, थांब," आतून आवाज आला. "आत्ता नको."

मी हात काढून घेतला आणि बैठकीत परत आले. सगळ्याजणी चपला घालत होत्या. शुभदाताईंनी विचारलं, कॉलवर आहेत का?

"नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "खेळतोय."