मशीनवरची जागा
अण्णांची जुनी वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागली, की थयथयाट करत पार दारापर्यंत यायची. मग बायको हातातलं काम टाकून, चहाचा कप घेऊन तिच्यावर बसायची. तेवढ्या वजनानं मशीन गप्प व्हायची.

एकदा अण्णांनी पाना घेऊन मशीनचे पाय सारखे केले. मशीन जागची हलेना. बायकोनं कौतुक केलं, कप ओट्यावर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. चहा निवून गेला.

दिवसभरात ही टेकते ती तेवढीच, हे या शहाण्या माणसाच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. पुढच्या धुण्याआधी त्यांनी मुकाट्यानं एक पाय सैल केला.

"जमत नाही तर हात कशाला लावता?" नाचणाऱ्या मशीनवर बसत बायको करवादली.

"चुकलंच," म्हणत अण्णांनी तिच्या हातात गरम चहा दिला.