पारव्याचं फिरणं

मेंढरं विकून तीन महिने झाले होते, पण पारव्याला ते समजावणार कोण?

नऊ वर्षं त्या कुत्र्यानं एकच काम केलं होतं. कळपाभोवती फिरायचं, मागं राहिलेल्याला पुढं ढकलायचं, पुढं पळालेल्याला आडवं जायचं. आबाजींचे गुडघे गेले, कळप गेला, शेळगावात घरापुढं बसून राहायची वेळ आली. पारव्याचं काम मात्र त्याच्या अंगात तसंच राहिलं. एका सकाळी त्यानं शाळेला निघालेली दहा-बारा पोरं गोळा करून देवळाच्या पारापाशी दाबून धरली. चावला नाही, नुसत्या फेऱ्या घालत राहिला. पोरं हसत होती, पण शेजारच्या सर्जेरावांचा नातू पडला आणि त्याचं ढोपर फुटलं.

"आबा, कुत्रं बांधा, न्हायतर देऊन टाका कुणाला तरी," सर्जेराव म्हणाले.

मग साखळी आली. पारव्या दिवसभर विव्हळायचा आणि भाकरीला तोंड लावायचा नाही. अखेर आबाजींनी पुतण्याला, बिरूला फोन केला. त्याची मेंढरं कळंबच्या बाजूला मुक्कामाला बसली होती. "गुरुवारी येऊन नेतो," तो म्हणाला.

आबाजींच्या सुनेला, मनिषाला, ते ऐकून बरंच वाटलं. ती बारामती एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या कामाला होती. पहाटे चारला उठायचं, स्कूटीवरून जायचं, आठ तास गारठ्यात उभं राहायचं, तीनला घरी. नवरा, राम, टँकरवर. आठवड्यातून दोनदा दिसला तर दिसला. तिला दुपारची झोप हवी होती आणि पारव्याचं विव्हळणं भिंतीतून आरपार यायचं.

रविवारी कामावरून आल्यावर तिनं वैतागून साखळी काढली, दोरी बांधली आणि त्याला फिरवायला नेलं. दमला की गप पडेल, एवढाच विचार. पण पारव्या अंगणातल्या लिंबापर्यंत आला आणि चारी पाय रोवून बसला. ओढलं की मान वळवून घराकडं बघायचा.

"त्यो न्हाय यायचा," उंबऱ्यातून आबाजी म्हणाले. "मी हितं हाय न्हवं. एकाला मागं ठिवून त्यो जात न्हाय."

"मग तुमीबी चला की, मामा."

"कुठं?"

"कुठंच न्हाय. नुसतं फिरायचं."

आबाजींना हे उमगेना. त्यांचा सगळा जन्म पायी गेला होता, पण तो चाऱ्यासाठी, पाण्यासाठी. नुसतं चालायचं म्हणजे काय करायचं? तरी काठी घेऊन उठले.

कॅनॉलच्या भरावावर चिटपाखरू नव्हतं. मनिषानं दोरी सोडली. आबाजी पुढं आणि सून रीतीप्रमाणं दहा पावलं मागं, डोक्यावर पदर. सात वर्षं ती अशीच चालत आली होती. बाजारात, जत्रेत, दवाखान्यात. पारव्यानं दोघांकडं बघितलं. मग मागं येऊन तिच्या टाचेला नाक लावलं आणि ढकललं. ती थांबली, त्यानं पुन्हा ढकललं. तिथून पळत जाऊन आबाजींपुढं आडवा उभा राहिला. हलू देईना.

"आयला," आबाजी म्हणाले, "ह्येनं आपली मेंढरं केली गं!"

"मला ढकलतोय बघा सारखा."

"मागं पडल त्येला ढकलायचं, म्याच शिकीवलंय त्येला. ये पुढं. त्येच्या लेखी तू चुकार हाईस."

ती पुढं आली, पण हातभर अंतर ठेवूनच. तेव्हा कुठं पारव्यानं दोघांभोवती एक फेरा घातला आणि शेपटी वर करून चालायला लागला.

आता बोलायचं काय? शेवटी आबाजींनी विचारलं, "तितं लई गार असतं व्हय?"

तिच्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. "बोटं बधिर हुत्यात," ती म्हणाली. "घरी आल्यावर तवा लागला तरी कळत न्हाय."

आबाजींनी चाल कमी केली.

पुढचे तीन दिवस तेच झालं. मनिषा बाभळीमागं लपायची आणि पारव्या शोधून तिला हुसकत आबाजींपाशी आणायचा. आबाजी काठी आपटून हसायचे. येता-जाता सर्जेराव म्हणायचे, "कुत्री फिरीवणारी माणसं पुण्यात बघितली व्हती. आता शेळगावातबी आली म्हणायची!" घरी येऊन पारव्या भाकरी खायचा आणि गप झोपायचा. पण मनिषाच्या पोटऱ्या रात्री ठणकायच्या. गुरुवारी संपेल एकदाचं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी तिची सुट्टी होती. दुपारी बिरू मोटरसायकलवर आला. चहा पिऊन त्यानं पारव्याची पाठ चाचपली.

"चांगला हाय की. माझी तीन कुत्री आठ दिस बडवत्याल त्येला. मग रुळंल."

"ह्या वयात?" मनिषा म्हणाली.

"वहिनी, कुत्रं हाय ते. सोसतंय."

आबाजी खाली बघत होते. "माझं गुडघं असं. ती दमून येती. किती दिस वढायचं तिनं आमाला? न्ये बाबा."

बिरूनं दोरी हातात घेतली. मनिषाला वाटलं, गप्प राहिलं तर आजपासून दुपारची झोप आपली. कुणी बोट दाखवणार नाही.

"मामा, न्हाय म्हणा त्यास्नी."

"शबूद दिलाय गं."

"तुमी दिलाय. म्या न्हाय दिला."

बिरू हसला. "वहिनी, रोजचं हाय बरं का. कट्टाळा आला म्हणून भागत न्हाय."

"रोज कट्टाळाच आसतुय भावजी. त्यात आणि एक."

बिरूनं दोरी आबाजींच्या मांडीवर टाकली. "ऱ्हाऊ द्या मग. मला काय, मोटरसायकलवर धरून बसायचा ताप वाचला." आणि तो गेला.

शुक्रवारी मनिषा कामावरून आली तेव्हा पायांचं नुसतं लाकूड झालं होतं. आबाजी पायताण घालून, काठी घेऊन पायरीवर तयार बसले होते. पारव्या शेजारी, मोकळाच.

"पाच मिन्टं पडते, मामा."

"पड की. घाई कसली?"

तिला जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. धडपडत ती दारात आली. दोघं तिथंच होते, पायरीवर, तसेच.

"तुमी जाऊन यायचं की!"

"आमी इच्यारलं त्येला," आबाजी कुत्र्याकडं बघत म्हणाले. "न्हाय म्हणला."

मनिषानं तोंडावर पाणी मारलं आणि चपला शोधल्या.